तांब्याची माया

गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, तर आता गप ऐका.

फार मागं एका खिडकीत जाड पानांचं रोपटं होतं. पूजेचा तांब्या तुळशीला घालून उरलेलं पाणी रोज त्याच्यावर ओतायचा.

"तांब्यादादा, बास! मुळं कुजली माझी."

"गप रे! तुळस कधी कुरकुरते का?"

रोपटं बुडापासून मऊ पडत गेलं. शेवटी त्यानं एक धडधाकट पान शेजारच्या कोरड्या कुंडीत टाकलं आणि जीव सोडला.

"एवढं पाजलं, तरी मेलं!" तांब्या रडला.

महिन्यानं पानाला मूळ फुटलं. तांब्या धावला.

पान म्हणालं, "आधी माती सुकलीय का बघ."

तांब्यानं बघितलं आणि पहिल्यांदाच भरलेला परत गेला. चुकलं मात्र म्हणाला नाही. माझी कोरफड अशीच कुजवणारी आमची थोरली सून प्रमिला, तीही अजून म्हणालेली नाही.