दारावरची चुंबळ

जॉयल, पाय पांघरुणात घे. प्रिस्का, खिडकीतला कंदील उद्याही तिथंच असणार आहे, इकडे बघ. आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारलेत तर मी गोष्ट विसरते, मग मला दोष द्यायचा नाही.

तर एक होता राजा. पण राजाचं काम आपल्या गोष्टीत जरा उशिरानं आहे, तोवर त्याला राजवाड्यात बसू दे. त्याच्या राज्यात समुद्राकाठी एक गाव होतं. गावात केळीच्या वाड्या होत्या, आणि एका वाडीत एक छोटंसं घर होतं. त्या घरात राहायची कत्रीन. नऊ वर्षांची, दोन वेण्या, एक वेणी नेहमी सुटलेली. आपल्याकडे आहे ना एक, तशीच. तिच्या बाबांचं नाव बस्त्याव. आणि आई आनामारी. पण आई तीन वर्षांपूर्वी तापानं गेली होती.

आनामारी रोज केळीचे घड टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. डोकं आणि टोपली यांच्यामध्ये चुंबळ. चुंबळ म्हणजे काय, माहीत आहे? तुम्हाला कुठून माहीत असणार, तुमचं पाणी नळातून येतं आणि भाजी पिशवीतून. कापड पिळून पिळून गोल कडं वळायचं आणि डोक्यावर ठेवायचं. त्यावर ओझं ठेवलं की ते हलत नाही, डोक्याला टोचत नाही. घागर खाली ठेवायची तरी चुंबळीवरच ठेवायची, म्हणजे ती लवंडत नाही. आनामारीची चुंबळ बस्त्यावनं स्वतः वळून दिली होती, लग्नातला आपला निळा सदरा फाडून. आणि ती टोपली घेऊन निघाली की हा दारात बसून घुमट वाजवायचा. घुमट म्हणजे मातीचं मडकं, त्याच्या तोंडाला कातडं ताणलेलं. बोटं पडली की असं घुमायचं, की पार समुद्रावर ऐकू जायचं.

आई गेली. मग बाबांनी चुंबळ दारामागच्या खुंटीला टांगली आणि घुमट माळ्यावर टाकलं. त्या दिवसापासून घरात गाणं नाही. बाबा प्रेमळ होते, बरं का. वेण्या घालायचे, भात मऊ शिजवायचे. पण गाणं म्हणून नाही.

आता त्या राज्यात नाताळची एक रीत होती. आदल्या दिवशी दिवेलागणीला सगळे गाणारे राजवाड्यापासून निघायचे आणि दारोदार गाणी म्हणत जायचे. सगळ्यांच्या पुढे खुद्द राजा. राजा होता गोलमटोल आणि त्याचे दुखायचे गुडघे. प्रत्येक दारापुढे थांबणं त्याच्या जिवावर यायचं. मग त्यानं हुकूम काढला. ज्या दाराला पानाफुलांचं हिरवं कडं टांगलेलं असेल, तिथंच थांबायचं, बाकीच्या दारांवरून पुढे जायचं. त्याला वाटलं, दहा-बारा दारं होतील आणि संपेल. झालं काय, पुढच्या वर्षी साऱ्या गावानं कडी टांगली! राजाचे गुडघे आणखीनच दुखले. पण हुकूम तो हुकूम.

आनामारी होती तेव्हा कत्रीनच्या दारालाही कडं असायचं. ती गेल्यावर कुणी केलंच नाही. तीन नाताळ गाणारे त्या दारावरून पुढे निघून गेले. आणि या वर्षी कत्रीननं मनाशी ठरवलं, की काही झालं तरी दाराला कडं लागलंच पाहिजे. गाणारे दारात थांबले, की बाबा माळ्यावरून घुमट काढणारच. घुमट वाजवणारा माणूस, त्याच्या दारात गाणं चाललंय आणि तो हात बांधून बसेल? शक्यच नाही, असं तिला वाटायचं. एवढं एकच तिला हवं होतं.

मग ती गेली बाजारात. बाजारात कडी होती मखमलीच्या पानांची, सोन्याच्या घुंगरांची. कत्रीननं किंमत विचारली आणि दुकानदार नुसता हसला. ती परत फिरली. घरात मिठाला पैसे होते, मखमलीला नव्हते. पण ती रडली नाही. म्हणाली, आई कुठं मखमल आणायची? आपणही आणायची नाही.

मग ती गेली समुद्रावर, सुरूच्या बनात. सुरूचं झाड आपलं सूं सूं करत उभं. कत्रीन म्हणाली, "सुरूदादा, मला थोडी हिरवाई देता का?"

सुरू म्हणाला, "देतो. पण आधी माझ्या डोक्यात अडकलेला तो पतंग काढ. गेल्या संक्रांतीपासून कान खाजतोय."

कत्रीन सरसर वर चढली, पतंग सोडवला. सुरूनं असं काही अंग झटकलं, की हिरव्या डहाळ्या आणि बोराएवढी खरखरीत फळं तिच्या ओच्यात पडली.

मग ती गेली विहिरीच्या कुंपणाकडे. तिथं गुंजेचा वेल. लालभडक गुंजा, प्रत्येकीला एक काळा डोळा. गुंजा तोंडात घालायच्या नाहीत हं, विषारी असतात. जॉयल, तुला सांगतेय. वेल मोठा नटवा. म्हणाला, "आधी सांग, मी कसा दिसतो?" कत्रीननं त्याची इतकी स्तुती केली, इतकी स्तुती केली, की तो लाजला आणि त्याच्या शेंगा तडतड फुटल्या. ओंजळभर गुंजा मिळाल्या.

मग ती आपल्या वाडीत आली, सगळ्यात जुन्या केळीकडे. केळीनं आपल्या अंगावरचं सुकलेलं सोपट सोडून दिलं. ते फाडलं की मऊ, चिवट दोरी होते. केळीनं त्याबद्दल काही मागितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आईनं माझे किती घड वाहिले गो. घे."

झालं, सामान जमलं. आता त्याचं कडं वळायचं. कत्रीननं एक डहाळी वाकवली. ती फट्कन सुटली आणि तिच्या नाकावर बसली. दुसरी वाकवली, ती मोडली. तिसरी बांधली, तर कडं कुठलं, चांगला चौकोन झाला! कत्रीन हसली, मग रडकुंडीला आली. केळ म्हणाली, "अगो, घरात गोल काय आहे ते बघ ना."

घरात गोल काय होतं? तवा होता, पण तो टांगला तर भाकरी कशावर करणार? चाळणी होती, ती शेजारच्यांची. आणि दारामागच्या खुंटीला होती चुंबळ.

कत्रीन बराच वेळ तिच्यापुढे उभी राहिली. बाबांना विचारायला हवं होतं. पण बाबा वाडीत होते, आणि विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, असं तिला वाटलं. मग तिनं चुंबळ काढली. वास घेतला. अजून थोडा केळीचा वास येत होता. तिनं सोपटाच्या दोरीनं सुरूच्या डहाळ्या तिच्यावर गुंडाळल्या, मध्ये मध्ये ती खरखरीत फळं बसवली आणि दाभणानं भोकं पाडून गुंजांच्या माळा ओवल्या. मधून मधून निळा सदरा दिसत राहिला. असं काही झालं म्हणून सांगू, मखमलवाला बघता तर दुकान बंद करून घरी गेला असता! कत्रीननं ते दाराला टांगलं आणि दहा वेळा अंगणात जाऊन लांबून बघितलं.

सांज व्हायला आली. तेवढ्यात वाटेनं एक म्हातारी आली. डोक्यावर ही एवढी मोठी तांब्याची घागर, तोंडाला कापड बांधलेलं. दोन्ही हातांनी घागर सावरत होती, मान थरथरत होती. म्हणाली, "पोरी, एखादी चुंबळ आहे का गो? माझी खाडी उतरताना वाहून गेली. टेकडीवर जायचंय, डोकं सोलून निघालं. साऱ्या गावात मागितली. जो तो म्हणतो, आज नाताळ, उद्या ये."

कत्रीननं तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. मग बाबांचा पंचा आणला, पिळून डोक्यावर ठेवला. तो इतका विरलेला, की घागर ठेवताच चपटा झाला. मग गवत आणलं. ते एका बाजूनं निसटलं आणि घागर डुलायला लागली. मग तिनं आपली ओढणी दिली. ती गुळगुळीत, घागर घसरता घसरता वाचली.

म्हातारी म्हणाली, "राहू दे बाय. जाते तशीच." आणि वाकून घागर उचलायला लागली.

कत्रीननं दाराकडे बघितलं. ते कडं नव्हतं नुसतं, आईची चुंबळ होती. आणि कडं नसलं की गाणारे थांबणार नाहीत. मग बाबाही गाणार नाहीत. पण म्हातारीच्या डोक्यावर केस झडून लाल झालेली जागा तिला दिसत होती. तिनं कडं काढलं आणि म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं. वर घागर ठेवली. घागर अशी बसली, की जरा हलेना.

"टोचतंय का आजी?"

"टोचत नाही गो, गुदगुल्या होतायत," म्हातारी म्हणाली आणि दोन्ही हात सोडून तुरुतुरु चालू लागली. चार गुंजा गळून अंगणात पडल्या.

मग बाबा आले. दार लोटलं. खुंटी रिकामी. बाबा तिथंच उभे राहिले. "कत्रीन, चुंबळ कुठाय?"

कत्रीननं सगळं खरं खरं सांगितलं. सुरू, गुंजा, केळ, सगळं. "बाबा, मी तुम्हाला न विचारता घेतली. आणि देऊनही टाकली. एका म्हातारीला."

बाबांनी विचारलं, "ओझं जड होतं?"

"खूप जड होतं, बाबा."

बाबांनी रिकाम्या खुंटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खुंटीला तीन वर्षं नुसती टांगून ठेवली होती मी. आता ती डोक्यावर आहे ना? मग जिथं असायला हवी, तिथंच आहे." आणि ते पायरीवर कत्रीनच्या शेजारी येऊन बसले. तिची सुटलेली वेणी घालायला लागले.

इतक्यात गाणारे आले. मशाली, झांजा, फिडल, आणि पुढे राजा. राजानं दाराकडे बघितलं. कडं नाही. त्याच्या गुडघ्यांना बरंच वाटलं. सगळे पुढे निघून गेले. गाणं लांब लांब गेलं. कत्रीननं बाबांच्या कुशीत तोंड लपवलं आणि मग मात्र ती रडली. तुम्हीही रडला असता. मीसुद्धा.

आणि एकदम ते लांबचं गाणं थांबलं.

काय झालं, सांगू? पुढच्या वळणावर गाणाऱ्यांना ती म्हातारी दिसली. तिच्या डोक्यावर हिरवं कडं, गुंजांच्या माळांचं. आता राजाचाच हुकूम, कडं दिसलं की थांबायचं. पण हे कडं चालत होतं! मग थांबणार कसे? चालले सगळे तिच्या मागं. राजा धापा टाकतोय, मुकुट कानावर आलाय, पण हुकूम तो हुकूम. आणि म्हातारी टेकडीची वाट सोडून वळली ती सरळ केळीच्या वाडीत. घागरीच्या तोंडाच्या कापडातून उजेड झिरपत होता.

ती कत्रीनच्या दारात आली. चुंबळ उंबऱ्यावर ठेवली आणि घागर त्यावर. कडं थांबलं, तसे सारे थांबले.

राजा म्हणाला, "आजीबाई, टेकडी तिकडे राहिली."

म्हातारी म्हणाली, "टेकडीवर टेकवते मी दरवर्षी. या वर्षी ज्या घरची चुंबळ, त्या घरी टेकवणार." आणि तिनं कापड सोडलं.

घागरीत होता तारा. नाताळचा तारा, बरं का! तो हळूच वर आला, कत्रीनच्या नाकासमोर जरा थांबला आणि मग छपरावर जाऊन उभा राहिला. सगळी वाडी लख्ख झाली. केळीचं पान न् पान दिसायला लागलं. आणि चुंबळीतला तो निळा सदरा असा चमकला, की बाबा बघतच राहिले.

मग ते उठले. माळ्यावर चढले. घुमट काढलं, धूळ पुसली, चुलीपाशी धरून कातडं शेकलं. तीन वर्षांनी बोट मारलं. पहिल्यांदा आवाज बसका आला. दुसऱ्यांदा जरा बरा आला. तिसऱ्यांदा असा घुमला, की सुरूच्या बनात पक्षी जागे झाले. आणि बाबा गायला लागले,

आला गो आला, बाळ गोठ्यात आला,
गवताच्या गादीवर राजा निजला.

कत्रीननं त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली आणि ती इतक्या मोठ्यानं गायली, की सूर कुठल्या कुठे गेला. कुणी काही म्हटलं नाही. राजा पायरीवर बसला आणि म्हणाला, आता मी इथून हलत नाही. मग त्याला भात आणि केळं वाढलं, आणि त्यानं दोनदा मागून घेतलं.

सकाळी बघतात तर म्हातारी नाही, घागर नाही. उंबऱ्यावर चुंबळ मात्र होती, डहाळ्या हिरव्यागार. गळलेल्या चार गुंजासुद्धा जागच्या जागी. कत्रीननं ती पुन्हा दाराला टांगली.

तेव्हापासून त्या गावात नाताळला मखमल कुणी घेत नाही. घरातलं जुनं कापड वळून चुंबळ करतात, तिला हिरवाई बांधतात आणि दाराला लावतात. आणि कुणी ओझंवाला आला, की विचारायचंसुद्धा नाही, काढून त्याच्या डोक्यावर ठेवायची. बस्त्याव रोज गातो, कत्रीनची एक वेणी रोज सुटते, आणि राजाचे गुडघे आहेत तसेच दुखतात. सगळे सुखात आहेत.

प्रिस्का, झोपलीस? नाही ना. मग ऐक. दिवसभरात डोक्यात काय काय भरलंत, भांडणं, खेळ, करंज्या. जड झाली असेल तुमची घागर. ही उशी तिची चुंबळ. डोकं अलगद टेकवा, हलवू नका, नाही तर सांडेल. मी आहे इथं. निजा आता.