मऊ निळं फडकं कुणाचं?

एक होतं अंगण. अंगणात होतं बदामाचं झाड. घराच्या पायरीवर होतं मांजरीचं पिल्लू. पांढरं पांढरं, आणि पाठीवर काळे ठिपके. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकीकडे एक फडकं होतं. निळं निळं. मऊ मऊ. ठिपकी त्यावर गोल गोल फिरायची. मग मुटकुळं करून झोपायची. घर्र घर्र, घर्र घर्र.

एक दिवस घरी आली गाडी. उज्जूआत्याची नवी गाडी. लाल लाल! आत्याने तिला वरून कोटिंग करून आणलं होतं. कोटिंग म्हणजे काचेसारखा चमचम थर. गाडी अशी चमकायची, अशी चमकायची, की तिच्यात आपलं तोंड दिसायचं.

झालं! आत्या दिवसभर गाडीभोवती. "अगं माझी राणी! अगं माझी सोनी! झाडू लावू नका, चरा पडेल! खरखरीत फडकं नको, चरा पडेल! मऊ, मऊ फडकं आणा!"

घरातलं सगळ्यात मऊ फडकं कुठलं? ठिपकीचं! आत्याने ते उचललं. धुतलं. दोरीवर वाळत घातलं. गाडीसाठी!

ठिपकी झोपायला आली. बघते तर काय? फडकं नाही! नुसती फरशी. टणक टणक.

"गाडीला मऊ मऊ, मला टणक टणक?" ठिपकी जळली हो जळली. मिशीपासून शेपटीपर्यंत जळली.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली दोरीकडे.

"फडक्या, फडक्या, घरी चल ना!
फडकं येईना,
मी झोपू कुठे?"

फडकं झुललं. झुलुक झुलुक. म्हणालं, "नाही येणार जा! मला गाडी पुसायची आहे. गाडी पुसू देईल, तर मी येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली गाडीकडे.

"गाडीबाई, गाडीबाई, पुसू दे ना!
गाडी पुसू देईना,
फडकं येईना,
मी झोपू कुठे?"

गाडीने नाक मुरडलं. म्हणाली, "नाही पुसू देणार जा! माझ्या टपावर बुलबुलाने शी केली. पच्च! ती वाळली. वाळलेली शी घासली, की चरा पडतो. आधी पाणी पडेल, तर मी पुसू देईन."

ठिपकीने गाडीच्या दारात पाहिलं. आत दुसरी ठिपकी! "अगं बया! हिला गाडीत जागा, आणि मला फरशी?" फिस्स! ठिपकी आणखीच जळली.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली नळाकडे.

"पाणीदादा, पाणीदादा, पड ना!
पाणी पडेना,
गाडी पुसू देईना,
फडकं येईना,
मी झोपू कुठे?"

पाणी नळातून डोकावलं. टिप टिप. म्हणालं, "नाही पडणार जा! गाडी उन्हात तापली आहे. तव्यासारखी! तिच्यावर पडलो, की चर्रर्र सुकतो. मागे पांढरे ठिपके राहतात. चमकते ती, आणि बोलणी मला! आत्या गाडी सावलीत हलवेल, तर मी पडेन."

"ठिपके काही वाईट नसतात!" ठिपकी फणकाऱ्याने म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली आत्याकडे. आत्या पायरीवर शेंगा सोलत होती. शेजारी तिचं मुकूबाळ.

"उज्जूआत्या, उज्जूआत्या, गाडी हलव ना!
आत्या हलवेना,
पाणी पडेना,
गाडी पुसू देईना,
फडकं येईना,
मी झोपू कुठे?"

आत्या म्हणाली, "नाही हलवणार जा! सावली कुठे? बदामाखाली. बदामावर कोण? तो बुलबुल! पुन्हा करील पच्च! बुलबुल उडेल, तर मी हलवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली बदामाकडे.

"बुलबुलभाऊ, बुलबुलभाऊ, ऊड ना!
बुलबुल उडेना,
आत्या हलवेना,
पाणी पडेना,
गाडी पुसू देईना,
फडकं येईना,
मी झोपू कुठे?"

बुलबुलाने शेंडी ताठ केली. म्हणाला, "नाही उडणार जा! गाडीचे ते दोन कान आहेत ना? त्यांत आरसे आहेत. आरशात एक बुलबुल आहे. माझ्यासारखीच शेंडी! माझ्यासारखंच लाल बूड! माझ्या झाडावर डोळा आहे त्याचा. मी उडालो, की तो येऊन बसेल! बाळ मोजे देईल, आरसे झाकले जातील, तर मी उडेन."

पाहिलंत? बुलबुलही जळत होता. आणि कुणावर? स्वतःवरच!

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली मुकूबाळाकडे. मुकूबाळ आत्याच्या शेजारीच बसलं होतं. दोन पायांत दोन पिवळे मोजे.

"मुकूबाळ, मुकूबाळ, मोजे दे ना!
बाळ मोजे देईना,
बुलबुल उडेना,
आत्या हलवेना,
पाणी पडेना,
गाडी पुसू देईना,
फडकं येईना,
मी झोपू कुठे?"

बाळाने ओठ काढला. म्हणालं, "नाई देनाल जा! माऊ फलक्यावल निजते. माज्याकले येतच नाई! माऊ मांलीत येईल, तल मी मोजे देईन."

आता कुणाकडे जायचं? ठिपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणीच उरलं नाही. आता जायचं ते मांडीतच!

ठिपकीने नखं आत घेतली. एक पाय ठेवला. दुसरा पाय ठेवला. गोल गोल फिरली. आणि बसली. घर्र घर्र, घर्र घर्र.

अगंबाई! मांडी तर मऊ होती. उबदार होती. ठिपकीला हे माहीतच नव्हतं. बाळ हसलं. खुदुखुदु, खुदुखुदु.

माऊ मांडीत आली, बाळाने मोजे दिले. सुर्र एक, सुर्र दोन.

आत्याने मोजे गाडीच्या कानांवर चढवले. एक या कानावर, एक त्या कानावर. आरशातला बुलबुल गायब!

"पळाला! मला घाबरून पळाला!" आरसे झाकले, बुलबुल उडाला. भुर्र! सगळ्या गल्लीला सांगायला गेला.

बुलबुल उडाला, आत्याने गाडी हलवली. घुर्रर्र! बदामाखाली.

आत्याने गाडी हलवली, गाडी गार झाली, पाणी पडलं. सर्रर्र! वाळलेली शी भिजली. मऊ झाली. वाहून गेली.

पाणी पडलं, गाडीने पुसू दिलं. मऊ फडकं फिरलं. हळू हळू, सुळ्ळ सुळ्ळ. गाडी झाली लखलख लखलख!

ठिपकी धावत आली. "फडक्या, फडक्या, घरी चल ना!"

फडकं आत्याच्या खांद्यावर बसलं होतं. ऐटीत! म्हणालं, "मी कशाला येऊ? आता मी गाडीचं. उद्या पुन्हा गाडी पुसायची आहे."

"पण तू तर येईन म्हणालं होतंस!" ठिपकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी तुरुतुरु फिरली, आणि हे काय?

मग तिला आला राग. टुणकन मारली उडी! दातात धरला कोपरा! ओढलं, ओढलं... फतक्! फडकं पडलं खाली. थेट मातीत.

"अगं अगं अगं!" आत्या ओरडली. तिने फडकं उचललं. झटकलं. बोटांनी चाचपलं. कचकच, कचकच. "लागली ना रेती! आता धुतलं तरी एखादा कण राहणारच. खाली पडलेलं फडकं गाडीला चालत नाही. चरा पडेल!"

आत्याने ठिपकीकडे पाहिलं. ठिपकीच्या मिशीवर अजून एक थेंब होता.

"तुझंच होतं, नाही का गं ते?" आत्या म्हणाली. "मी विचारलंसुद्धा नाही. घे ठिपके, तुझं तुला. गाडीला नवं आणू."

गाडीला रेती चालत नाही. ठिपकीला चालते का? चालते काय, पळते!

बाळाने मांडी घातली. मांडीवर फडकं. फडक्यावर ठिपकी. घर्र घर्र, घर्र घर्र.

आणि गाडी? गाडी बदामाखाली एकटीच उभी होती. कानांवर पिवळे मोजे. ती टकमका बघत होती. "तिला फडकं? तिला मांडी? आणि मला?" गाडी जळली हो जळली. चाकापासून टपापर्यंत जळली. जळून जळून लालेलाल झाली.

पण कुणाला कळलंच नाही. ती तर आधीपासूनच लाल होती!

फडकं मिळालं ठिपकीला,
मोजे मिळाले गाडीला,
गोष्ट मिळाली तुला.
आता ये बघू माझ्या मांडीत झोपायला.