मंतरलेली भिंत

एक वृद्ध स्थपती आपल्या शिष्यासह एका नगरात राहत असे. स्थपती म्हणजे घरे, घाट, धर्मशाळा बांधण्याचे शास्त्र जाणणारा. त्याने ओळंबा धरला की भिंत आपसूक सरळ उभी राहते, असे लोक म्हणत. आता भिंत काय आपसूक उभी राहते होय? गवंडी आणि मजूर उन्हात घाम गाळतात तेव्हा ती उभी राहते. पण लोकांना असे बोलायला आवडते, आणि म्हातारा ते ऐकून नुसता हसत असे.

शिष्य मोठा बुद्धिमान होता. गुरूने त्याला शास्त्रातले शब्द शिकवले होते. गवंडी ज्याला जोते म्हणतो ते अधिष्ठान. छपराचे ओझे तो ऊर्ध्वभार. मातीचा आडवा रेटा तो पार्श्वदाब. आणि ओळंब्याच्या दोरीपासून भिंत जितकी ढळली असेल, तितकी तिची लंबच्युती. एकेक शब्द नेमका, तासून घडवलेला. शिष्याला त्या शब्दांचे वेडच लागले म्हणा ना! न्हाव्यापुढे बसला तरी 'मस्तक लंबरेषेत ठेवू का?' असे विचारी, आणि न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून बघत राही.

त्या नगरात कोष्ट्यांची एक पेठ होती. पावसाळा तोंडावर आला तेव्हा पेठेतल्या पंचांनी स्थपतीला निरोप धाडला, की घरे जुनी झाली आहेत, एकदा नजरेखालून घाला. म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते. त्याने शिष्याला पाठवले. शिष्य एकटाच कामगिरीवर निघाला होता, त्यामुळे त्याची छाती जराशी फुगली होती. तरुण वयात फुगतेच ती.

पेठेच्या टोकाला कोंडिबा कोष्ट्याचे घर होते. घरात तो, त्याची आई तुळसाक्का आणि नुकतीच लग्न होऊन आलेली मंजुळा, अशी तीन माणसे. कोंडिबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला होता. वर झरोका असलेली मागची भिंत फुगून पोट काढू लागल्याचे त्याने पाहिले होते, म्हणून माग तिच्यापासून लांब, अंधाऱ्या बाजूला मांडला होता. शिष्याने भिंतीला ओळंबा लावला, आणि त्याच्या काळजात चर्र झाले. भिंतीच्या पलीकडे मातीचा उंचवटा होता. ती माती पाणी प्यायली की भिंत टिकणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसले.

तो वळला. समोर तिघे हात जोडून उभे होते. शिष्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "भित्तीची लंबच्युती मर्यादेबाहेर गेली आहे. पार्श्वदाबामुळे अधिष्ठान विचलित झाले असून ऊर्ध्वभार वहन करण्यास ती असमर्थ आहे."

"व्हय महाराज," कोंडिबा म्हणाला. तुळसाक्काने डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. मंजुळेने गूळपाणी आणून ठेवले. एवढा आदर पाहून शिष्याला वाटले, ह्यांना सारे उमगले. पाणी पिऊन तो पुढच्या घराकडे गेला.

भाद्रपदात झड लागली आणि ती भिंत पडली. कोंडिबा तिच्याखाली गेला. मागाच्या खड्ड्यात पाय होते, त्याला उठून पळताही आले नाही.

पंधरवड्याने बातमी कानी आली तेव्हा शिष्याला फार वाईट वाटले. खोटे कशाला बोला, त्या वाईट वाटण्यात एक बारीकसा दिलासाही होता. तो गुरूला म्हणाला, "गुरुजी, मी त्यांना सांगितले होते. त्यांनी ऐकले नाही."

"काय सांगितलेस?" म्हाताऱ्याने विचारले.

शिष्याने वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्यात एक अक्षरही चुकीचे नव्हते. म्हाताऱ्याने उपरणे खांद्यावर टाकले, काठी घेतली आणि म्हणाला, "चल."

कोष्ट्याच्या घरी दिवसकार्य उरकले होते. पडक्या भिंतीच्या जागी तरट बांधले होते. तुळसाक्का ओसरीवर बसली होती. मंजुळा आत एका गाठोड्याजवळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

शिष्याला पाहताच म्हातारी लगबगीने उठली आणि तिने दोघांना बसायला पाट मांडले. "या पंडितबाबा, या. तुम्ही तरी काय करणार? तुम्ही भिंतीवर चांगला मंतर म्हणून गेला व्हतात."

"मंतर?" शिष्य म्हणाला.

"व्हय तर! काय ते बोल, अंगावर काटा आला माझ्या. तुम्ही गेल्यावर मी भिंतीला हळदकुंकू वाहिलं. कोंडिबाला म्हटलं, आता कसली भीती? माग घे उजेडाला, भिंतीजवळ. डोळं फोडून घेऊ नगंस अंधारात. त्यानं तिथं नवा खड्डा खणून माग घेतला." मग तिने आतल्या बाजूला मान झटकली. "पण ही अवदसा! रोज म्हणायची, आत्याबाई, मला तर भिंत आणखी फुगल्यागत दिसती. मंतरलेल्या भिंतीवर शंका घेतली हिनं. मंतर उतरला. समदी पेठ म्हणती, पांढऱ्या पायाची हाय. आज तिचा बाप येतोय न्यायला. पुन्हा ह्या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं न्हाई तिनं."

शिष्याने गुरूकडे पाहिले. त्याला वाटले, गुरू आता म्हातारीची समजूत काढतील, चार शब्द धीराचे बोलतील. पण म्हाताऱ्याने भलतेच केले.

"बाळ," तो म्हणाला, "त्या दिवशी जे बोललास ते आक्कांना पुन्हा एकदा ऐकव."

शिष्याला काही कळेना. दुःखाने पोळलेल्या घरात हे कसले पाठांतर? पण गुरूची आज्ञा. त्याने खालमानेने सुरुवात केली, "भित्तीची लंबच्युती मर्यादेबाहेर..."

आणि तुळसाक्काने डोक्यावर पदर घेतला. हात जोडले. डोळे मिटून, ओठ हलवत, ती ऐकत राहिली. पोटचा पोरगा ज्या भिंतीखाली गेला, त्या भिंतीच्या जागेकडे तोंड करून ती माउली त्या शब्दांना नमस्कार करत होती. शिष्याला वाक्य पुरे करता आले नाही. तो उठला आणि धडपडत बाहेर गेला.

दारात निंबाचे झाड होते. त्याला टेकून शिष्य लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. म्हातारा काठी टेकत मागोमाग आला.

"गुरुजी, ते शब्द खोटे होते का?"

"नाही रे," म्हातारा म्हणाला. "दूरच्या नगरातला एखादा स्थपती आणि मी जन्मात एकमेकांना भेटणार नाही, तरी लंबच्युती म्हटले की दोघांच्या डोळ्यांपुढे सारखीच ढळलेली भिंत उभी राहते. त्याचसाठी जाणत्यांनी ते शब्द घडवले. ते आपण आपसांत बोलायचे. पण त्या भिंतीखाली जो बसतो, त्याच्याशी त्याच्याच घरातले बोलायचे. पडेल, ऊठ, माग बाहेर घे, एवढेच. ओळंबा लावलास तेव्हा तुला भीती वाटली होती ना?"

शिष्याने मान हलवली.

"ती भीती त्या कोष्ट्यापर्यंत पोचवायची होती. तू ती स्वतःपाशी ठेवलीस आणि त्याला शब्द देऊन आलास. तो हात जोडून उभा राहिला तेव्हा तुला आनंद झाला. ज्याला कळले तो हात जोडत नाही, बाळ, तो आधी सामान हलवू लागतो." म्हातारा काठीवर रेलला. "दोष एकट्या तुझा नाही. शब्द मी शिकवले. ते कुठे बोलायचे नाहीत, हे शिकवायचे राहिले."

"आता काय करू?"

"गेलेला परत येत नाही. पण जिला एकटीला खरे दिसले होते, ती पोर आत गाठोडे बांधून बसली आहे."

"मी सांगितले तर पेठ मला काय म्हणेल, गुरुजी?"

"म्हणेल. ऐकून घे," म्हातारा म्हणाला.

शिष्य परत ओसरीवर गेला. ह्या वेळी तो पाटावर बसला नाही. तुळसाक्कापुढे जमिनीवर बसला.

"आक्का," तो म्हणाला, "तो मंत्र नव्हता. मंत्र मला येतही नाही. भिंत पडणार आहे, इथे बसू नका, असे मला म्हणायचे होते. मला ठाऊक होते. तुमच्या सुनेला दिसत होते तेच खरे होते."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिला पहिल्यांदा वाटले, पंडित काही तरी समजुतीचे बोलतो आहे. मग हळूहळू तिचे जोडलेले हात सुटले.

"पडणार, हे ठावं व्हतं?"

"होय."

"मग आसं का न्हाई बोललात तवा?"

शिष्याने जमिनीला कपाळ टेकले. म्हातारीने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तिने दिल्या नाहीत. "म्या... म्याच घ्यायला लावला माग तिकडं," एवढे ती स्वतःशीच म्हणाली, आणि खांबाला धरून उठली.

ती आत गेली. मंजुळेच्या समोर बसून तिने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, तिने ती दातांनी सैल केली. लुगडे निघाले, ते तिने खुंटीवर टाकले. फणी निघाली, ती कोनाड्यात ठेवली. मग सुनेचे डोके ओढून तिने आपल्या मांडीवर घेतले.

"पोरी, तू सांगत व्हतीस गं," ती म्हणाली. "तू रोज सांगत व्हतीस."

नवरा गेल्यापासून त्या पोरीला कुणी रडू दिले नव्हते. रडली की लोक म्हणत, नाटकं करते. आता तिने सासूच्या मांडीत तोंड खुपसून मोठ्याने हंबरडा फोडला. शिष्य उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा होता. तिचे रडणे संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.