चार मुंगळे आणि एकच बीळ

एकदा एक शिष्य ऐन पौषात मुंग्यांवर भयंकर वैतागला. गावच्या बागेत स्थानिक मुंग्यांचा फलक लागायचा होता. दहा जातींची नावे छायाचित्रांसह देण्याचा शब्द त्याने चारचौघांत छाती काढून दिला होता, आणि रंगारी त्याच दुपारी यायचा होता. महिनाभर हा पहाटेपासून गारठ्यात ओणवा. मुंगी एकही दिसेना. ऊन तापले की चार-दोन निघत आणि कॅमेरा रोखेपर्यंत पसार होत.

कसेबसे दहा आकडा गाठून तो आपल्या वृद्ध गुरूंकडे, बाईंकडे, गेला.

"बाई, एवढं तपासून द्या. जीव मेटाकुटीला आलाय."

बाईंनी चार छायाचित्रे बाजूला काढली. चारही काळे मुंगळे. एकाचे डोके थोराड, एकाचे मध्यम, दोन बारकेसे. खाली शिष्याने चार वेगळी नावे लिहिलेली. बाईंनी त्याचा कॅमेरा जमिनीवर ठेवला, वर टोपली पालथी घातली आणि कुंपणापाशी तिळाचा लाडू कुस्करला.

"आता बस. खाऊन कोण कुठे जातं ते बघ."

"अहो बाई, रंगारी यायचाय!"

"येऊ दे. चहा पाजू त्याला."

धुसफुसत शिष्य पोटावर पालथा झाला. तासाभरात कोपरे सोलवटले. फोटोतल्यासारखाच थोराड डोक्याचा आला, मागून मधला, मग बारके. कण उचलून सगळे शेवग्याच्या बुंध्याशी एकाच बिळात शिरले.

"म्हणजे... एकच जात?"

"एका आईच्या लेकी! जिचं तिचं डोकं कामापुरतं लहानमोठं. महिनाभर तोंडं टिपलीस रे त्यांची, घर एकदाही पाहिलं नाहीस. फोटोत मुंगी एकटी दिसते; जगात ती एकटी नसतेच. तुला मुंगी ओळखायची होती, की दहाचा आकडा भरायचा होता?"

शिष्य कोपरे झटकत उठला. तेवढ्यात रंगारी त्याला शोधत आला. "साहेब, दहा चौकोन आखून ठेवलेत."

"तीन पुसा," शिष्य म्हणाला. "सातच आहेत."

"अन् लोकांनी विचारलं तर?"

"माझ्याकडे पाठवा. मी चुकलो, असं मीच सांगेन."

त्याचे कान लाल झाले होते, पण महिन्यात प्रथमच त्याचा आवाज शांत होता.

कुणाला परका ठरवण्यापूर्वी तो कोणत्या दारात शिरतो, एवढे पाहण्याची तसदी आपणही घ्यावी.