ढोल थांबल्यावर

धप्प! फार फार वर्षांपूर्वी आमच्या नदीवर पाटाचं लाकडी दार खाली पडलं की असा आवाज व्हायचा आणि पाणी तुटायचं. तो ऐकला की वरच्या आणि खालच्या, दोन्ही वाड्यांत घास हातातच राहायचा.

दार पाडायचा राजाचा कारभारी, तेही आसपास कुणी नसताना. पाणी त्याला स्वतःच्या पोफळीच्या बागेला हवं असे. जाब विचारला, तर वरच्या वाडीला सांगे, "खालचे पाणी चोरतात, म्हणून." खालच्यांना सांगे, "वरचे चोरतात."

मग लोक ढोल घेऊन पाटावर जात. वाड्या मात्र वेगवेगळ्या उभ्या राहत. खूप ओरडा होई. कारभारी दार उचलायला लावी. लोक आनंदानं घरी जात, ढोल खुंटीला टांगत. काही दिवसांनी पुन्हा धप्प!

खालच्या वाडीत ठकूआजी होती. तिचा जमिनीचा एकच तुकडा, त्यात कांदा. रोपांनी माना टाकल्या होत्या. आणखी एकदा पाणी तुटलं की वर्ष गेलं.

त्या दिवशीही ढोल वाजले, दार उघडलं, लोक निघाले. आजी मात्र पाटाच्या दगडावर बसली. तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

"आजी, घरी जा की आता," वरच्या वाडीचा ढोलकरी म्हणाला.

"बस जरा. एवढं बडवलंस, भूक नाही लागली?"

तो हसून बसला. त्याला बघून आणखी माणसं बसली. चटणी या वाडीकडून त्या वाडीकडे गेली. खाता खाता कळलं, कारभारी दोघांना उलटसुलट सांगत होता; पाणी कुठलीच वाडी चोरत नव्हती.

"म्हणजे ढोल फुकटच बडवला म्हणा!" ढोलकरी म्हणाला.

"फुकट कसा, मेल्या? ढोल नसता तर तू मला भेटला असतास का? पण ढोल घरी गेला की दार एकटं पडतं. उद्या इथं कोण बसणार ते सांग, मग ऊठ."

तिथंच पाळ्या ठरल्या. रोज एक माणूस वरचा, एक खालचा. भाकरी एकाची, कालवण दुसऱ्याचं.

काही दिवसांनी कारभारी गुपचूप आला. त्या दिवशी पाळी आजीची आणि ढोलकऱ्याची होती. पाट वाहत होता. कांदा पुन्हा ताठ उभा होता.

बोध आताच सांगून टाकतो, नंतर बोलण्यासारखं काही उरत नाही: ढोल माणसं जमवतो, पण त्यांना जोडून ठेवते ती रोजची पाळी.

"या कारभारी," आजी म्हणाली, "भाकरी खा."

कारभाऱ्यानं दाराकडे पाहिलं. दोन्ही वाड्यांकडून पुढच्या पाळीची माणसं येत होती, त्यांच्याकडेही पाहिलं. मग तो वळला आणि निघून गेला.