बेलझरीचा पाहुणा

“आता तरी सांगा, माय. माझं अजून काय सुटायचं राहिलं आहे?”

मार्तंडचा प्रश्न नवा नव्हता. नवा होता तो त्यातला कंटाळा.

चंद्रामाय मठाच्या ओट्यावर बसून सुपात तूर पाखडत होती. टेकडीखाली धुकं असं दाटलं होतं, की बेलझरी गाव, नदी, स्टेशन, सगळंच बुडून गेलं होतं. नुसता इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचा माथा वर तरंगत होता.

“घर सोडलं,” मार्तंड म्हणाला. “गोड सोडलं, गादी सोडली. आई आधीच गेली होती. वडील आहेत, पण त्यांचा विचारसुद्धा आता मनात येत नाही.”

“येत नाही?”

“नाही.”

“मंग आत्ता कसा आला?”

“तो... उदाहरण म्हणून आला.”

माय हसली. सूप तिनं बाजूला ठेवलं.

“बरं. आज गाडीवर जा. माह्या घरचा एक पाहुना यायचा हाये. त्याले वर घेऊन ये.”

“ओळखायचा कसा?”

“गाडी रिकामी झाल्यावर जो राह्यल, तो.”

मार्तंड उठला. खरं तर स्टेशनावर जाणं त्याला मनापासून नको होतं. मठात येऊन त्याला काही वर्षं झाली होती. सगळे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते. मठात येणारी माणसं त्याला पंडित म्हणत, त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, आणि हेही त्याला आवडत असे. ज्या गाडीनं तो आला, त्या गाडीकडे त्यानं पुन्हा मागं वळून पाहिलं नव्हतं.

तो टेकडी उतरून धुक्यात शिरला.

बेलझरी म्हणजे त्या अरुंद रुळांचा शेवट. काळ्या दगडाचं बसकं स्टेशन, वर कौलं, कौलांखाली लाकडी झालर. कापसाच्या गठाणी इथून जात होत्या त्या काळात कोणा गोऱ्या साहेबानं ते हौसेनं बांधलं होतं. गाडी एवढी हळू, की चढावर उतारू खाली उतरत, बोरं वेचत आणि चार पावलं पळून परत आपल्या जागेवर येऊन बसत. पण गावाचं घड्याळ तीच. तिची शिट्टी झाली की चुलीवर तवे चढत आणि शाळेची घंटा वाजे. गाडीला उशीर झाला तर अख्ख्या गावालाच उशीर होई, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

आज बाजाराचा दिवस. फलाटावर माणसं होती, पण धुक्यात ती अर्धीअर्धीच दिसत होती. कोणाची टोपली, कोणाचं मुंडासं, कोणाचा नुसता खोकला.

लिंबाखाली कौसाबाईचं चहाचं दुकान होतं. तिनं बाकावर गोणपाटाची घडी टाकली, वर हात फिरवून सारखी केली. मग एक पितळी पेला विसळून चुलीजवळ ऊब धरायला ठेवला.

मार्तंड त्या बाकावर बसायला गेला.

“तिथी नोका बसू, महाराज,” कौसाबाई म्हणाली. “ते जागा कोष्टीबुवाची हाये.”

“कोण कोष्टीबुवा?”

“येते एक म्हातारा. दर बाजारले येते. गाडी सुटेपर्यंत इथीच बसते अन् तिनंच परत जाते.”

“बाजार करायला?”

“बाजार कायचा... त्याचं पोरगं हरवलं ना.”

बाजूला बिडी ओढत उभा असलेला हमाल लालमिया म्हणाला, “हरवलं नाही, मावशी. गेलं. बेलझरीचं तिकीट काढलं एवढं कोनीतरी म्हाताऱ्याले सांगितलं. तेवढंच धरून बसला तो. बुढ्याले आता दिसत बी नाही नीट. मीच हात धरून उतरवतो.”

मार्तंडला अजून काही वाटलं नव्हतं. जगात म्हातारे असतात, त्यांची पोरं जातात.

“म्हाताऱ्याला समजवायला हवं,” तो म्हणाला. “जो गेला तो कोणाचाच नसतो.”

कौसाबाईनं दुधावरची साय बाजूला सारली. “समजवाले जो जाते, त्याले तो पोराच्याच गोष्टी सांगते. म्हने पोरगं झोपेत पाय हालवे. माग चालवल्यासारखे. आई म्हने, पाह्य, याचं लुगडं विनून झालं की हा जागा होते...”

मार्तंड अनवाणी पावलांनी बाकापासून मागं सरला.

ते त्याच्या आईचं वाक्य होतं. जसंच्या तसं.

“मागच्या बाजारले तं तुमची चंद्रामायच येऊन बसली होती त्याच्यापाशी,” लालमिया म्हणाला. “लय वेळ. दोघं बी बोलत नव्हते काही.”

...

जावं. आत्ताच्या आत्ता वर निघून जावं. मार्तंड वळला. पण धुक्यात शिट्टी झाली आणि सगळा फलाट त्याच्याभोवती हलू लागला.

गाडी आली की नाही ते प्रथम कळलंच नाही. आधी वाफ आली, मग उजेड, मग डबे. माणसं उतरली, कोंबड्यांच्या टोपल्या उतरल्या, हाका झाल्या आणि हळूहळू सगळं धुक्यानं पिऊन टाकलं.

गाडी रिकामी झाली.

शेवटच्या डब्यातून लालमियाचा हात धरून एक म्हातारा उतरला. अंगात बंडी, काखेत गाठोडं. डोळ्यांवर पांढरी साय आलेली. बाप इतका लहान कधी झाला? मार्तंड खांबाआड सरकला.

“कोष्टीबुवा, आज मठातले महाराज हायेत इथी,” लालमिया उत्साहानं म्हणाला. “त्याहिले इचारा.”

म्हातारा चाचपडत पुढं आला. हात जोडून उभा राहिला, थोडा चुकीच्या दिशेला तोंड करून.

“महाराज, माहा पोरगा दिसला काय कोठी? मार्तंड नाव हाये.”

एवढी वर्षं ज्याची तयारी केली तो क्षण हाच, असं त्याला वाटलं. इथं जो डळमळला तो गेला.

“नाही,” तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग खाली वाकला, हातानं चाचपून त्याचं पाऊल शोधलं आणि त्यावर कपाळ टेकवलं. बराच वेळ टेकवलं.

उठताना म्हणाला, “भेटला तं सांगजा त्याले. बा रागावला नाही म्हना.”

मार्तंड चालू लागला. मागं वळला नाही. टेकडी चढताना धुकं खाली राहिलं, ऊन लागलं. आपण जिंकलो, असं तो मनाशी म्हणत होता. पुन्हा पुन्हा म्हणावं लागत होतं.

माय ओट्यावरच होती.

“पाहुना?”

“तुम्हांला ठाऊक होतं तो कोण ते.”

“व्हय.”

“तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. घ्या. बाप समोर उभा राहिला, आणि मी हललो नाही.”



“काय इचारलं त्यानं?”

“माझा मुलगा दिसला का, म्हणाला.”

“अन् तू?”

“नाही म्हणालो.”

खाली कुठंतरी इंजिन पाणी पीत होतं, त्याचा घुर्र आवाज वरपर्यंत येत होता.

“खरं बोलला तू,” माय म्हणाली. “त्याचं पोरगं नव्हतंच तिथी.”

मार्तंडला आपल्या कानशिलात काहीतरी वाजल्यासारखं झालं. इतके ग्रंथ पाठ होते, त्यातलं एक अक्षर आठवेना.

माय ओट्यावरून उतरली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याच्या उजव्या पावलाकडे बघू लागली. वाटेची पांढरी धूळ घोट्यापर्यंत चढली होती. पण पावलावर एका जागी तिचा चिखल होऊन वाळला होता.

मायनं त्या जागेवर हलकेच बोट ठेवलं.

“दवानं भिजलं असेल,” मार्तंड कसाबसा म्हणाला.

मायनं बोट काढलं नाही.

खाली शिट्टी झाली.

मार्तंड पळत सुटला. वाट सोडून, बोरीबाभळींतून, धोतराचा सोगा फाटला तरी पळाला. फलाटावर पोचला तेव्हा गार्डाची हिरवी झेंडी हलत होती.

“थांबा!” तो ओरडला. “बा! ओ बा!”

कौसाबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. “लालमिया, धर रे त्याले! धर!”

लालमिया गाडीबरोबर पळत होता. त्यानं मार्तंडला बखोट्याला धरून शेवटच्या डब्यात अक्षरशः भरलं.

म्हातारा खिडकीशी गाठोडं धरून बसला होता. शेजारी कोणी येऊन बसलं, एवढंच त्याला कळलं.

“कोन हाये?”

“बा... मी हाये.”

म्हाताऱ्यानं हात उचलला. दाढीवरून फिरवला, गालफडावरून, कानामागून. मग तो हात तिथंच राहिला.

“किती वाळला रे,” तो म्हणाला. आणि मग, “जेवला काय?”

मार्तंड हुंदके देऊन रडू लागला. समोरच्या बाईनं ओटीतली मूठभर बोरं काढून त्याच्या हातात कोंबली आणि पदर डोळ्यांना लावून खिडकीबाहेर पाहू लागली.

बेलझरीहून निघालेली गाडी टेकडीला वळसा घालून जाते. तिथं ती इतकी हळू होते की रुळाकडेच्या माणसाशी निवांत बोलता येतं. धुकं आता विरत होतं, आणि त्या वळणावर, तरवडाच्या पिवळ्या झुडपापाशी, चंद्रामाय उभी होती.

मार्तंड दारात आला. दांडीला धरून खाली वाकला.

“माय, मी वापस कवा येऊ?”

माय गाडीबरोबर थोडं चालली. तिनं आत बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आधी पोच तं खरा.”