करंजवणच्या ठमाईचं अंगण

फार जुनी गोष्ट आहे. करंजवणाला तेव्हा रस्ता नव्हता, घाटातून उतरणारी पायवाट तेवढी होती. ओढ्याच्या अल्याड गाव आणि पल्याड उघडा माळ. रान अगदी परसाला येऊन टेकलेलं.

रान जवळ म्हणून घरोघरी कुत्रं होतं. आणि घरोघरी कोंबड्या होत्या, कारण अंडी असली की बाळंतिणीला, आजाऱ्याला काहीतरी देता यायचं. पण या दोघांचं एका अंगणात जमत नव्हतं. कुत्रं मोकळं असलं की कोंबड्या डालग्याखाली कोंडायच्या, कोंबड्या मोकळ्या सोडल्या की कुत्रं दाव्याला बांधायचं. आणि कुणाचा विसर पडला की अंगणभर पिसं उडायची. मग घरचा माणूस काठी घ्यायचा.

ठमाईच्या घरीही तेच झालं. तिची लेक चंद्री तेव्हा लहान होती. चंद्रीनं डाग्या नावाचं पिल्लू पाळलं होतं, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं. ते तिच्याच पांघरुणात झोपायचं. थोडं मोठं झालं आणि एका सकाळी त्यानं कोंबडीची सगळी पिल्लं मारली. खाल्ली नाहीत, खेळता खेळता मारली, आणि शेपूट हलवत चंद्रीला दाखवायला आलं. ठमाईचा नवरा भिवा रानातून येत होता. त्याच्या हातात काठी होती. त्याचा राग शांत होईपर्यंत डाग्याचा जीव गेला होता.

चंद्री रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आये, त्याला कुणी सांगितलं होतं का, कोंबडी आपली हाय म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

असं म्हणतात, त्या दिवसापासून ठमाई बदलली. तिनं शेजारणीकडून दुसरं पिल्लू आणलं आणि त्याला अंगणातल्या लाकडी मेढीला बांधलं. आधी त्याला पोटभर भाकरी-ताक घातलं. मग मूठभर कण्या टाकून कोंबड्या सोडल्या, आणि स्वतः पिल्लाच्या शेजारी बसली. पिल्लाचे कान उभे राहिले, अंग थरथरायला लागलं, की ती त्याच्या मानेवर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, "हां... बस्स." ते खाली बसलं की भाकरीचा तुकडा. मारायची नाही, ओरडायची नाही. रोज तसंच. पोरांना तिची सक्त ताकीद होती, कुत्र्यासमोर कोंबडीच्या मागं धावायचं नाही. पळणारी कोंबडी दिसली की कुत्र्यातलं रान जागं होतं, असं ती म्हणायची. पुढे तिनं पिल्लावाल्या कोंबडीला त्याच्याजवळ जाऊ दिलं. कोंबडीनं त्याच्या नाकावर अशी चोच हाणली, की ते कुईं करून ठमाईच्या पदरात शिरलं. चंद्री कितीतरी दिवसांनी हसली. दावं सुटलं ते फार उशिरा, आणि सुटल्यावरही ठमाई कितीतरी दिवस दारातून उठली नाही.

गावानं हे पाहिलं. मग बाया आपापली पिल्लं तिच्याकडे आणू लागल्या. एखादं कुत्रं काही केल्या ऐकायचं नाही. तेव्हा ठमाई स्पष्ट सांगायची, "ह्याला कोंबड्यांत सोडू नगंस. ह्याला दुसऱ्या कडेला बांध. पर मारू नगंस, त्याचा स्वभावच हाय त्यो." बाकीची मात्र शिकली. करंजवणात कुत्री गल्लीत उन्हाला पडायची आणि कोंबड्या त्यांच्या पायांमधून दाणे टिपायच्या. घार घिरट्या घालू लागली की कुत्री भुंकून उठायची आणि कोंबड्या पळून त्यांच्याच पोटाखाली शिरायच्या. परगावचे लोक बघायला यायचे, असं म्हणतात.

दिवस गेले. भिवा वारला. मरेपर्यंत त्यानं हातात पुन्हा काठी धरली नाही. चंद्रीचं लग्न झालं, पण नवरा पलटणीत गेला तो परतलाच नाही, म्हणून ती आईजवळच राहू लागली.

आणि मग गाठीची साथ आली.

आधी घरांत उंदीर मरून पडू लागले. मग माणसं तापानं पडू लागली. जाणत्यांनी ठरवलं, गाव सोडायचं आणि ओढ्यापलीकडे माळावर खोपटी बांधून राहायचं. ज्याला ताप आहे त्याला न्यायचं नाही. कुत्री-कोंबड्याही न्यायच्या नाहीत. घाईघाईनं लोकांनी भांडी बांधली, खुराडी उघडली, दावी सोडली आणि निघाले.

त्याच सकाळी चंद्रीला ताप भरला होता. काखेत गाठ उठली होती.

ठमाईची शेजारीण सगुणा दारापर्यंत आली. तिनं तोंडाला पदर लावला होता. "ठमे, चल गं," ती म्हणाली.

"पोरीला टाकून कुठं येऊ?"

सगुणा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "माझ्या कोंबड्या सोडल्यात. माझा तांबू शिकलेला हाय, पर उपाशी कुत्रं ते उपाशी कुत्रं. आम्ही येऊस्तवर पिसं तरी उरतील का?"

"उरतील. मी हाय न्हवं इथं," ठमाई म्हणाली.

गाव रिकामं झालं. त्यात दोन बायका, एक निजलेली आणि एक बसलेली, आणि गावभरची मुकी जनावरं.

सगुणा रोज ओढ्याच्या पलीकडच्या काठाला यायची, ओढ्यातल्या खडकावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवायची आणि मागं सरून हाक मारायची. ठमाई यायची, भाकरी घ्यायची. दोघी ओढ्यावरून बोलायच्या. "चंद्री कशी हाय?" "तशीच हाय." ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं. पण जाणत्यांनी सांगितलं होतं, ओलांडायचं नाही. सगुणानं ओलांडलं नाही.

एक दिवस सगुणानं विचारलं आणि ठमाईनं नुसते हात पुढं केले. ते कोपरापर्यंत मातीनं भरले होते. परसातल्या आंब्याखाली तिनं एकटीनं खड्डा खणला होता. खांदा द्यायला माणूस नव्हतं. तिनं लेकीला घोंगडीवर ठेवून ओढत नेलं, आणि गावातली सगळी कुत्री रांगेनं तिच्या मागून चालली. एकही भुंकलं नाही. असं म्हणतात.

"आता तरी ये गं इकडं," सगुणा रडत म्हणाली.

"अंग गरम हाय माझं," ठमाई म्हणाली. ती खाली वाकली, भाकरी उचलली आणि वळली.

ती भाकरी तिनं खाल्ली नाही, कुत्र्यांत वाटून टाकली. घराघरांतलं उरलंसुरलं नाचणीचं पीठ गोळा करून ती आंबील शिजवायची. आधी कुत्र्यांना, मग कोंबड्यांना कण्या, मग स्वतःला काही उरलं तर. पीठ संपत आलं. कुत्र्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. ती त्यांना म्हणायची, "जावा रं, रानात जावा, खेकडं धरा, उंदरं धरा." कुत्री जायची आणि दिवस कलायच्या आत परत यायची. तिच्या अंगणात पडून राहायची.

शेवटी ठमाईला उठवेना. ती मेढीला टेकून बसून राहिली. आणि त्या दिवशी सगुणाच्या तांबूनं एक कोंबडी धरली. पंजाखाली दाबली. कोंबडी ओरडली, तशी बाकीची कुत्री उठून उभी राहिली. सगळ्यांच्या तोंडाला लाळ सुटली होती. किती दिवसांची भूक. ठमाईला हात उचलता येत नव्हता. तिनं ओठ ओले केले. "हां... बस्स," ती म्हणाली. स्वतःला तरी ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. तिच्या मनात आलं, खा बाबा, तुझा तरी काय दोष. पण तांबूनं पंजा उचलला. कोंबडी पिसं झटकत निघून गेली. तांबू आला आणि तिच्या पायांवर मान टाकून पडला. ती त्याच्या कानामागं खाजवत राहिली, बोटं चालत होती तोवर.

दुसऱ्या सकाळी सगुणानं खडकावर भाकरी ठेवली आणि हाका मारल्या. ठमाई आली नाही. तांबू आला. हाडांचा सापळा झाला होता. त्यानं भाकरीचं फडकं तोंडात धरलं आणि न उघडता, न हुंगता गावाकडे घेऊन गेला.

तेव्हा मात्र सगुणानं ओढा ओलांडला.

गल्लीत कोंबड्या चरत होत्या. पुष्कळ कोंबड्या, आणि त्यांच्या मागं नवी पिल्लं. कुणाच्याही घरची एकही कमी नव्हती, असं म्हणतात. अंगणात ठमाई मेढीला टेकून होती. भोवती कुत्र्यांनी कडं केलं होतं. तिच्या ओच्यात कोंबडीची पिल्लं ऊब शोधत बसली होती, पण तिथं ऊब उरली नव्हती. भाकरीचं फडकं तिच्या हाताजवळ ठेवलेलं होतं, जसंच्या तसं.

सगुणा तिच्या शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत बसली. माळावरून लोकांनी हाका मारल्या, ती उठली नाही. तिला पुढेही काही झालं नाही. तिला पाहून एकेक करून बाकीचेही ओढा उतरून आले, आणि ठमाईला चंद्रीशेजारी माती दिली.

आजही करंजवणात कुत्र्याला काठी मारत नाहीत. घरातल्या पहिल्या भाकरीचा तुकडा कुत्र्याला जातो, त्याला ठमाईचा घास म्हणतात. आणि आणखी एक रीत आहे, ती बाहेरच्यांना लवकर कळत नाही. गावात कुणी अंथरुणाला खिळलं, दुखणं कसलंही असो, की शेजारच्या घरातलं एक माणूस रोज येऊन त्याच्या दारात बसतं. घरं आळीपाळीनं ठरलेली असतात. तिला ठमाईची पाळी म्हणतात. पाळीचा माणूस औषध देत नाही, फार बोलतही नाही. आत डोकावून एवढंच सांगतो, "आज मी हाय," आणि दिवस मावळेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाही.